पहिल्या बक्षिसाची कुंडी

"त्याची जागा कुंपणापलीकडे. दारात नाही," कुंडी आणली त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं. "आमचे आजोबा बाणांना जे शिजवून लावायचे ना, त्यात याचाही चीक असायचा. रानडुक्कर पळता पळता खाली बसायचं."

"आई, हे शोभेचं झाड आहे," मी म्हटलं. वनस्पतिशास्त्राची पदवीधर मी. बाणांच्या गोष्टींना काय घाबरायचं?

घाबरायला मला दुसरं पुष्कळ होतं. चारो रांगायला लागल्यापासून मी विजेची बटणं झाकली होती, टेबलांचे कोपरे कापडात गुंडाळले होते, पाणी उकळून पुन्हा उकळत होते. सासऱ्यांच्या मागे पहिला नातू, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांचंच नाव त्याला ठेवलेलं. त्यामुळे सासूबाई त्याला "आमचे हे" म्हणत आणि लाजल्यासारखं करत.

केनियाच्या किनाऱ्यावर, आमच्या किलिफीबाहेरच्या रानात हे झाड, अडेनियम, काट्याकुट्यांत फुकट उगवतं. शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. पण कुंडीत बसवलं की त्याला प्रतिष्ठा येते. आमच्या वसाहतीच्या मंडळाने स्पर्धाच ठेवली होती: ज्याचा बुंधा सगळ्यांत गलेलठ्ठ, त्याला पहिलं बक्षीस. अट एकच, कुंडी दर्शनी दारात हवी.

मी झटले. वाळू, प्रवाळाची खडी आणि थोडंसं कुजलेलं शेण. माती पार कोरडी झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही, कारण ओलीत बुंधा सडतो. कुंडी बदलताना दर वेळी झाड थोडं वर उचलून बसवायचं, म्हणजे मातीतलं पोट उघडं पडतं आणि ऐटीत दिसतं. उन्हात ठेवायचं आणि उपाशी ठेवायचं. चारोचं नेमकं उलट, त्याला मी ठासून भरवत होते. पण त्याचा दंड आणि झाडाचा बुंधा मोजायची फीत एकच.

स्पर्धेच्या सकाळी एक वाकडी फांदी नजरेत खुपली. हातमोजे चढवले, चाकू गरम पाण्यात बुडवून पुसला आणि फांदी छाटली. झाडाला जंतू लागू नयेत म्हणून कापलेल्या जागेला राखही लावली. इतकी माझी काळजी! फांदी मात्र पायरीवर ठेवली.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षा म्वारुवा मॅडम परीक्षकांना घेऊन फाटकातून आल्या. मी बुंध्याला फीत लावून दाखवत होते, इतक्यात मागून सासूबाई किंचाळल्या, "अगं, आमच्या ह्यांच्या तोंडात काय आहे?"

चारोला दात येत होते. तो पायरीवर बसून फांदी हिरड्यांनी मन लावून चावत होता. हनुवटीवर चीक ओघळला होता.

सासूबाईंनी फांदी हिसकली, त्याच्या तोंडात बोट घालून पुसून काढलं. मी मोबाइल काढून काय करू म्हणून विचारलं. आयांच्या गटावर एकीने लिहिलं, दूध पाज. दुसरीने लिहिलं, दूध चुकूनही नको. तिसरीने विचारलं, कुंडी कुठून घेतलीस?

"चारोची आई, एक फोटो होऊन जाऊ दे," म्वारुवा मॅडम म्हणाल्या. "प्रकाश काय छान पडलाय!"

"तुमच्या प्रकाशात खोबरं वाळत घाला!" सासूबाई कडाडल्या. पोराला अंगावरच्या कांग्याच्या कापडात करकचून बांधत त्यांनी रस्त्यावरचा मोटरसायकलवाला थांबवला. त्या चढल्या, त्यांच्या मागे मी, हातमोजे तसेच.

दवाखान्याच्या दारातच त्या ओरडल्या, "आधी आमच्या ह्यांना बघा!" डॉक्टर म्हातारा शोधत राहिले. मी फांदी पुढे केली. ती सासूबाईंनी पदरात बांधून आणली होती, मला सुचलंही नव्हतं. तोवर चारो ओकला, मग मलूल झाला. छातीचे ठोके मंदावले होते. त्या एवढ्याशा छातीला तारा चिकटवल्या आणि आम्ही दोघी पडद्यावरची रेघ बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझ्या कानातलं ओढलं आणि जेवायला मागितलं. तेव्हा मी रडले.

घरी आलो तर पहिलं बक्षीस आमचंच. कुंडी मात्र दारात नव्हती. गल्लीच्या टोकाच्या शिशुवर्गाची शोभा वाढावी, म्हणून मॅडमनी ती तिथल्या दारात हलवली होती.

"तिथे रांगती मुलं असतात!" मी मॅडमना म्हटलं.

"पहिल्या क्रमांकाचं झाड मागच्या अंगणात ठेवू होय? तू जरा जास्तच काळजी करतेस, बाई. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

मी येता-जाता डोकावायला लागले, तर शिक्षिकेने तक्रार केली. कुंडी उचलायला गेले, तर मंडळाने मला शिशुवर्गाच्या फाटकाच्या आत जायलाच बंदी केली. सासूबाई रोज सकाळी बाहेर उभ्या राहून ओरडतात. पोरं त्यांना हात हलवून दाखवतात.

मॅडमची नात म्बेयू तिथेच असते, पिवळ्या झबल्यातली. तिला खालचे दोन दात येताहेत आणि हाताला लागेल ते ती तोंडात घालते. तुमचं त्या बाजूला जाणं झालं, तर तुम्हाला कोणी अडवणार नाही. जरा आत जा, आणि म्बेयूच्या हातात काय आहे तेवढं बघा.