सुधाकर निघा

लेकीचं, भागीरथाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे नव्याण्णव. चंपत दुर्ग्याच्या घरात तारखा कोणी लिहून ठेवत नसे, पण हे साल विसरायची सोय नव्हती. लग्नाची पंगत बसायच्या आधीच नवरीचा सख्खा भाऊ मांडवातून उठून हैदराबादेला चालता झाला होता.

मल्लय्याच्या दुकानात फोन वाजला, मल्लय्या धावत मांडवात आला, सुधाकरनं उभ्या उभ्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बॅग उचलली. तिकडे कारगिलात लढाई पेटली होती. सुधाकर काही शिपाई नव्हता. शहराबाहेरच्या माळावर मोठमोठ्या लोखंडी छत्र्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असत. आपल्या उपग्रहांनी धाडलेले फोटो त्या छत्र्यांत उतरत, आणि ते उतरवून घेणाऱ्या ऑफिसात तो नोकरीला होता. घरच्यांना एवढंच ठाऊक.

सडकेपर्यंत चंपत त्याच्यासोबत गेला.

"तू काय बंदूक चालवाले जाऊन राह्यला? मंग एवढी घाई काऊन?"

"बाबा, डोंगरावर कोन चढून बसलं ते खालून दिसत नाई. वरून पाहा लागते. आपले उपग्रह शेतं पाह्यतात, तळे पाह्यतात, पन तंबू दिसन एवढी बारीक नजर अजून त्याईले नाई. ती दुसऱ्या देशाईपाशी हाय. त्याईले फोटो मागा, तर पायजे तवा देत नाईत. अन् देले तरी काय लपवलं ते आपल्याले कसं समजन?"

चंपतला हे लगेच समजलं. चाळिशी ओलांडेपर्यंत त्याला अक्षर येत नव्हतं. तहसीलचा कागद आला की तो पटवाऱ्यापुढे धरायचा. पटवारी त्याला वाटेल तेवढं वाचायचा, बाकीचं पोटात ठेवायचा. मग एका उन्हाळ्यात सुटीवर आलेल्या सुधाकरनं ओसरीच्या फरशीवर कोळशानं अ काढला आणि बापाचा हात धरून गिरवून घेतला. चंपत मराठी वाचायला शिकला तो असा, पोराच्या हातानं. गाव आंध्रात असूनही तेलुगू मात्र राहूनच गेली.

"म्हंजे उसन्या डोळ्यानं वाचनं झालं हे," चंपत म्हणाला.

"बराबर. आता आपला सोताचा डोळा बनवतीन. तो वर गेला का मी आठ दिवसाची रजा काढतो बाबा. आठी दिवस घरीच राहीन."

आठ दिवस! चंपतनं ते शब्द गाठीला बांधून ठेवले. पोरगा दहा वर्षांचा झाला तसा त्यानंच त्याला आदिलाबादच्या वसतिगृहात नेऊन टाकला होता. त्यानंतर सुधाकर घरी आला तो पाहुण्यासारखा. आणि आधीची दहा वर्षं? ती चंपतनं लोकांच्या शेतात काढली. तांबडं फुटायच्या आत जायचं, दिवा लागल्यावर यायचं. तोवर लेकरू झोपलेलं. आपण आपल्या पोराला धड पाहिलंच नाही, हे साठीला टेकल्यावर त्याच्या ध्यानात आलं. रागवायला, समजवायला नाही, नुसतं पाहायला तो हवा होता. तो जेवतो कसा, बसतो कसा, झोपेतून उठल्यावर पहिल्यांदा काय बोलतो.

दोन वर्षं गेली. मल्लय्याच्या दुकानात मारोतराव भेटत. कपाशीचे मोठे शेतकरी. चंपत एकेकाळी त्यांच्याच शेतात राबलेला.

"काय चंपतराव, गेला का तुमचा ग्रह वर?"

"ग्रह नोय, उपग्रह."

"तुमी लोकं तर ग्रहबिह मानत नाई म्हंता. अन् दोन सालापासून ग्रहाचीच वाट पाहून राह्यले!"

"तुमचे ग्रह तुमच्या मांगं लागतात, मारोतराव. आमचा आमीच बनवून राह्यलो. तो आमचं ऐकते."

दुकान हसलं. मारोतराव सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि त्यांनी चहा सांगितला. पण घरी जाताना चंपतला वाटेत दोनदा थांबावं लागे. उन्हाळ्यापासून छाती भरून येत होती. आदिलाबादच्या डॉक्टरनं हृदय मोठं झाल्याचं सांगितलं होतं.

"काय म्हने डॉक्टर?" वच्छलाबाईनं विचारलं.

"म्हने दिल मोठं हाय तुमचं."

"ते मले लग्न झाल्यापासून मालूम हाय. गोळ्या देल्या का नाई?"

दोन हजार एकचा दसरा तीन दिवसांवर आला होता. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा चंपतचा सव्वीस वर्षांचा नेम. टेम्पोत जागा सांगून ठेवली होती. मंगळवारी सकाळी तो दुकानासमोरून जात असताना मल्लय्या तेलुगू पेपर नाचवत बाहेर आला. मल्लय्याची मराठी तुकड्यातुकड्यांची. शब्द नीट, पण शेपट्या गाळून बोलायचा.

"चंपतन्ना! ग्रह वर! काल गेला, मस्त गेला!"

चंपतनं दुकानाचा खांब धरला. "अन् सुधाकर?"

मल्लय्यानं पेपरातल्या ओळीवर बोट ठेवलं. "सुधाकर निघा! आता सुधाकर निघा!"

तो पुढे अजून काही सांगणार होता. पण उन्हाळ्यापासून जो माणूस धड चालला नव्हता, तो धोतर सावरत पळत सुटला होता.

"सुधाकरची माय, पोरगा निघाला!"

वच्छलाबाई अंबाडी निवडत होती. "कोनं सांगतलं?"

"पेपरात आलं."

"पोरगा घरून निघाला ते पेपरात काऊन येईन?"

"एवढा मोठा ग्रह सोडला त्यानं! येईन नाई तं!"

तिला ते पटलं नाही, पण तिनं अंबाडीचे चार देठ जास्तच निवडले.

बुधवारी दोघं पहिल्याच बसनं इच्चोड्याला गेली. हैदराबादची गाडी तिथंच थांबते. वच्छलाबाईनं ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी डब्यात बांधून घेतली होती. सुधाकरला हेच आवडायचं. निदान दहा वर्षांचा होता तेव्हा आवडायचं. गाडी आली की चंपत पुढच्या दाराशी जाई, वच्छलाबाई मागच्या. बायामाणसं उतरत, पोती उतरत. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर हिंदीत म्हणाला, "चढना है तो चढो बाबा, दरवाजा क्यों पकड़ा?"

"लडका आ रहा," चंपत म्हणाला. "हमारा उपग्रहवाला."

कंडक्टरनं घंटी मारली.

संध्याकाळी परत आली, गुरुवारी पुन्हा गेली. दुपारी निळे झेंडे लावलेला टेम्पो सडकेवर येऊन थांबला. आतून गावातल्या बायांनी हाका मारल्या.

"चला ना काका! जागा ठेवली तुमची!"

"जय भीम, जय भीम! जा तुमी. पोरगा येऊन राह्यला."

"मंग त्यालेच घेऊन चला नागपूरले!"

"आधी येऊ तं द्या!"

टेम्पो वळणाआड होईपर्यंत चंपत पाहत उभा होता. वच्छलाबाई म्हणाली, "गेले असते तुमी. मी थांबली असती." हैदराबादेची गाडी दिसत होती, चंपत दाराकडे चालू लागला.

त्या गाडीतूनही सुधाकर उतरला नाही.

सुधाकरच्या खोलीवर फोन नव्हता. तो रविवारी दहा वाजता बाहेरून दुकानात फोन करायचा. त्या रविवारी चंपत आठपासूनच बाकावर बसून होता. फोन येताच त्यानं विचारलं, "निघाला होता ना रे तू?"

"बाबा, मी? मी कुठं निघालो? कोनं सांगतलं?"

चंपतनं मल्लय्याकडे पाहिलं. मल्लय्या वजनाचं माप हातात घेऊन तसाच थांबला, आणि मग त्यानं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं.

"अय्यो! निघा! तेलुगूत निघा म्हंजे पहारा, अन्ना! नजर! सुधाकर आता बार्डरवर नजर ठेवते, असं मी सांगत होतो!"

मारोतराव तिथंच होते. त्यांना सहज चार कोट्या सुचल्या असत्या. त्यांनी पिशवी उचलली आणि साखर न घेताच ते घरी गेले.

फोनवर सुधाकर सांगत होता, "खरं काम आता सुरू झालं बाबा. वर गेला म्हंजे नुसता डोळा उघडला. आता पाहा लागते."

"मले वाटलं, तो सुटला का तूई सुटला."

"जानेवारीत येतो. पक्कं."

पण डिसेंबरात दिल्लीत संसदेवर गोळीबार झाला. फौजा सरहद्दीवर जाऊन बसल्या, आणि सुधाकरच्या ऑफिसातल्या सगळ्या रजा बंद झाल्या. चंपतचे पाय सुजू लागले. बाजेवर आडवं झालं की दम लागे, म्हणून तो भिंतीला टेकून बसून झोपे.

"या रविवारी मी त्याले सांगतो," वच्छलाबाई म्हणाली.

"सांगू नको."

"काऊन? तो बाप-मायचा पोरगा नाई?"

"अवं, तिकडं लाखभर पोरं बर्फात उभे हायेत. त्याईच्या बाप-मायले वाटत नसन का? आपल्या पोराची नजर हालली अन् काई सुटलं तं कोनाचा पोरगा जाईन?"

"तुमाले त्याले पाहाचं नाई?"

"पाहाचं हाय," तो म्हणाला. "लय पाहाचं हाय."

वीस जानेवारीच्या रविवारी मारोतरावांनी बैलगाडी जुंपून त्याला दुकानापर्यंत नेलं. फोन आधी वच्छलाबाईनं घेतला. सुधाकरनं विचारलं, बाबा कसे हायेत? तिनं बाकावर बसलेल्या चंपतकडे पाहिलं. तो मान हलवत होता, नको, नको.

"बरे हायेत," ती म्हणाली. "पान खाऊन राह्यले." आणि तिनं तोंडाला पदर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"काय दिसते रे वरून?" चंपतनं विचारलं.

"सांगता येत नाई बाबा."

"नको सांगू. साफ दिसते ना पन?"

"साफ दिसते." थोडं थांबून सुधाकर म्हणाला, "बाबा, तुमचा आवाज असा काऊन येते?"

"लाइनीत खरखर हाय." चंपतनं श्वास घेतला. फोन ठेवता ठेवता, न ठरवता त्याच्या तोंडून गेलं, "रजा भेटली का ये बाप्पा."

ते ऐकून सुधाकर सोमवारी साहेबापुढे जाऊन उभा राहिला. त्याला तीन दिवसांची रजा मिळाली, बुधवारपासून.

चंपत रामाजी दुर्गे मंगळवार, दिनांक २२ जानेवारी २००२ रोजी दुपारी दोन वाजता आपल्या घरी वारले. त्यांचं वय साठ वर्षांचं होतं.