मोठी चाकं आणि डोंगराचा उतार

जुनी म्हणा मित्रांनो, पण भंगार म्हणू नका. मी सहासष्ट साली डेट्रॉइटच्या कारखान्यात जन्मलेली दोन दारांची मोटार. इंजिन आडदांड, चाकं मात्र अरुंद. केंटकीच्या डोंगरातल्या हॉलिस स्टॅम्परनी मला कोरी करकरीत घेतलं. कुठे जरा वेगळा आवाज आला की ते रस्त्याकडेला थांबून कान लावत. ते गेले आणि मी कितीतरी हिवाळे कोठारात पडून राहिले. उंदरांनी माझ्या गाद्या कुरतडल्या.

शेवटी त्यांची धाकटी लेक रीव्हा हिने मला उजेडात आणलं, रंग दिला, इंजिन चालू केलं. तरी पेट्रोल पंपावरचे लोक हसलेच. "रीव्हा, गाडी पहिलवानाची आणि पायात चपला आजीबाईच्या!"

ते तिला लागलं. तिने मोठी चाकं आणि रुंद टायर आणले. मला जॅकवर चढवून पुढची चाकं बसवली आणि टायरच्या आतल्या बाजूला हात घालून पाहिलं. "बोटभर जागा आहे. झालं काम!"

थोरली बहीण नेडीन शाळेची बस चालवते. ती म्हणाली, "जॅकवर चाक खाली लोंबतं गं. गाडी जमिनीवर उतरव, आत माणसं बसव, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं फिरव आणि मग बघ."

"बस चालवतेस म्हणून मिस्त्री झालीस का?" रीव्हा फणकारली.

खरं सांगते, मलाही ती चाकं आवडली होती. पण जमिनीवर वजन आलं आणि प्रत्येक मोठ्या वळणाला टायरची आतली कड ब्रेकच्या रबरी नळीला घासू लागली. मला सांगता कुठे येतं? मडगार्डाखालून खर्रर्र आवाज तेवढा यायचा.

त्या रविवारी खोऱ्यातल्या चर्चमध्ये सगळ्या कुटुंबांचं एकत्र जेवण होतं. रीव्हा चालवत होती, शेजारी नेडीन, मागे त्यांची आई ओपल, मांडीवर बीन्सचं पातेलं घेऊन. उतार सुरू झाला. खर्रर्र.

"रीव्हा, थांब," नेडीन म्हणाली.

"नवे टायर आहेत. बसतील हळूहळू."

"तुझे बाबा थांबले असते," मागून ओपल बोलली.

रीव्हाने मला तशीच पुढे दामटलं. पुढचं वळण फारच तीव्र होतं. तिने स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि माझी नळी फाटली. ब्रेकचं तेल रस्त्यावर सांडलं. तिने पाय दाबला, तो थेट तळाला टेकला.

"ब्रेक लागत नाही," ती कुजबुजली.

"गिअर खाली घे," नेडीनचा आवाज एकदम शांत झाला. "अजून एक. आता डाव्या पायाने कोपऱ्यातलं पार्किंग ब्रेकचं पेडल दाब. पूर्ण!"

मागची चाकं कळवळली, पण वेग हवा तसा उतरेना. डावीकडे दरी. खालून लाकडांचा ट्रक चढत होता आणि त्याचा भोंगा साऱ्या डोंगरात घुमत होता.

"उजवीकडे घे! डोंगराला घास तिला!"

"बाबांची गाडी आहे ही!"

"मागे आईसुद्धा तुझीच आहे!"

रीव्हाने मला वळवलं. दगडमातीने माझी उजवी कूस सोलून काढली, दिवा फुटला, मडगार्ड आत गेलं. ट्रक अगदी चिकटून निघून गेला आणि मी थांबले.

मग मागून आवाज आला, "बीन्सनी न्हाले मी. पण जिवंत आहे."

रीव्हा खाली उतरली, रस्त्यावर आडवी झाली आणि तिने ती फाटकी नळी पाहिली. तिथेच ती ढसाढसा रडली. नेडीन येऊन तिच्या शेजारी बसली.

पुढे मला नवी नळी आली आणि मला मानवतील अशी चाकंही आली, माझ्या मूळ चाकांपेक्षा रुंद, पण बेताची. ती बसवली त्या दिवशी मी जमिनीवर उभी होते. नेडीन स्टिअरिंग फिरवत होती. रीव्हा पोटावर पडून, बॅटरीच्या उजेडात चाकाच्या आत बघत होती. मागच्या सीटवर ओपल बसली होती. "माझं वजन एकदाचं कामाला आलं," ती म्हणाली आणि रीव्हा खालूनच हसली.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना हाक मारता येत नाही. आम्ही घासतो, करकरतो, तापतो, तेवढंच आमचं बोलणं. ते कानावर आलं की थांबा, खाली वाका आणि बघा. जेवण थंड झालं तर होऊ द्या.