कुडपणची चुकलेली फेरी

मित्रांनो, माझे चामडे आता तडकले आहे. पण एके काळी मी महिपतींच्या खांद्यावर मिरवणारी पिशवी होते. महाडच्या एका चांभाराने मला शिवले. माझ्या पोटात देवीची लस आणि टोचायची सुई असे. महिपती सरकारी टोचणीवाले, पण लोक त्यांना डॉक्टरच म्हणत.

थंडी पडली की आम्ही पोलादपूरहून डोंगर चढून कुडपणला जायचो. पहिल्या वर्षी आयांनी पोरे कणगीमागे लपवली. तेव्हा ठमाबाई नावाची शेतकरीण पुढे आली.

"माज्या बनूला टोचा पयली," ती म्हणाली. "मंग बाकीच्या आणतील."

तसेच झाले. परतताना महिपती वाटभर गुणगुणत होते. पुढे दरसाल तो चढ त्यांना जाणवतच नसे.

मग एका हिवाळ्यात त्यांची बायको आवडी तापाने फणफणली. त्यांनी आपल्या साहेबांकडे रजा मागितली.

"हंगाम संपू दे, मग बघू," साहेब म्हणाले.

महिपती वरंधला पोरे टोचत होते, तेव्हा घरी आवडी गेली. तेरावे उरकून ते कामावर आले. साहेबांनी राहिलेल्या गावांची चौकशी केली. आवडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

महिपतींचे मनच कामावरून उडाले. पुढच्या हिवाळ्यात ते पोलादपूरलाच बसले आणि निरोप धाडला, "पोरांना खाली घेऊन या." तान्ही पोरे काखोटीला मारून तो डोंगर कोण उतरणार? कोणी आले नाही. महिपतीही गेले नाहीत.

उन्हाळ्यात कुडपणला देवीची साथ आली. कळताच महिपती धापा टाकीत वर चढले. ठमाबाई अंगणात बसली होती. टोचलेली बनू धडधाकट होती. त्या साली जन्मलेली तिची धाकटी मैना मात्र टोचायची राहिली होती. तिला आदल्याच दिवशी पुरले होते.

"यंदा याल म्हणून लय वाट बगितली," ठमाबाई म्हणाली. मग त्यांच्या उतरलेल्या तोंडाकडे बघून तिने विचारले, "काय झालं व्हतं तुमाला?"

इतक्या महिन्यांत हे कोणी पहिल्यांदाच विचारत होते, आणि तेही तिने! मला छातीशी कवटाळून महिपती ढसाढसा रडले. मग उठले आणि उरलेल्या सगळ्या पोरांना टोचले. त्यानंतर एकाही हिवाळ्यात त्यांनी कुडपण चुकवले नाही. पण मैना काही परत आली नाही.

मित्रांनो, तुमच्या दारी कोणी औषध घेऊन आले, तर त्याच्या घरची माणसे कशी आहेत, तेवढे विचाराल ना?