सस्तन पेशी

आमच्या सरांच्या पेशींचा प्रयोगशाळेत भलताच तोरा होता. यकृताच्या कॅन्सरच्या म्हणून सरांनी त्या स्वतःच्या पीएचडीत वाढवल्या, त्यांच्या जिवावर नाव कमावलं आणि पुढे येईल त्या विद्यार्थ्याच्या गळ्यात मारल्या. मीही त्यातलीच एक.

मी त्या पेशींवर एक औषध घातलं आणि त्या पटापट मेल्या. सर खूश. आईने तर नातेवाइकांत दवंडीच पिटली. त्या दवंडीला भुलला माझा काका. त्याला यकृताचाच कॅन्सर झाला होता. गाठ लहान होती, डॉक्टर ऑपरेशनची तारीख द्यायला तयार होते, आणि हा पठ्ठ्या म्हणे, "चिरफाड कशाला? पुतणीचं औषध येतंय ना!"

"काका, ते फक्त काचेच्या बाटलीत चाललंय. माणसाला द्यायला अजून खूप अवकाश आहे. तू ऑपरेशन करून घे."

"हुशार माणसं अशीच विनयाने बोलतात," असं म्हणून तो डोळे मिचकावायचा. मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

प्रबंध तयार झाला आणि ज्या नियतकालिकाला आम्ही या कामावरचा लेख पाठवला होता, त्याने पेशींची डीएनए चाचणी मागितली. निकाल आला: उंदीर.

घोळ जुना होता. सरांनी कधीकाळी माणसाच्या आणि उंदराच्या पेशींना एकाच बाटलीतून खाद्य घातलं होतं. दोन-चार उंदीरपेशी माणसाच्या पेशींत शिरल्या आणि भराभर वाढून त्यांनी मूळ मालकांनाच बाहेर काढलं.

सरांनी अहवाल पालथा घातला आणि माझ्या संगणकावर स्वतः बसले. "'यकृताच्या' काढू, 'सस्तन' घालू. माणूस सस्तन, उंदीर सस्तन. यात खोटं काय?"

"पण सर..."

"पदवी हवी आहे ना?"

हवी होती. एक कळ दाबून सरांनी प्रबंधभर शब्द बदलला आणि छापायलाही पाठवला.

तोंडी परीक्षेला काका नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलंच पान उघडलं आणि अर्पणपत्रिका मोठ्याने वाचली. "'सस्तन आजाराशी झुंजणाऱ्या माझ्या काकास.' हा कुठला आजार?"

सभागृहात हशा पिकला. काका उठून उभा राहिला. "यकृताचा! मलाच झालाय. हिच्या औषधासाठी तर थांबलोय."

"घरच्यांच्या भावना असतात हो. पुढे जाऊ या," सर हसत म्हणाले.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. "या पेशी उंदराच्या आहेत," मी म्हणाले. "माणसाच्या यकृताच्या पेशींवर हे औषध आम्ही एकदाही वापरून पाहिलेलं नाही."

"ती दमली आहे," सर म्हणाले. परीक्षकांनी प्रबंध मिटला. काका तसाच उभा होता.

"म्हणजे औषध नाहीच?"

"नाही, काका."

पदवी लांबणीवर पडली. मी काकाला घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं. सर्जनबाईंनी नवा स्कॅन उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"गाठ बरीच वाढली आहे. काढता येईल, पण आता सोपं राहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इतके दिवस कशासाठी थांबलात?"

काकाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घरात पोरीची परीक्षा होती हो," तो म्हणाला.