पाच दिवस टिकणारा बर्फ

"बर्फ म्हणान पाणी विकतत मेले! परवां हाडलंय, आज बघतंय तर नुसतो घोट!"

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली माझा नवरा जयराम थर्माकोलच्या पेटीशी बोलत होता. माझ्याशी बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं, म्हणून पेटीशी. मी तव्यावरचे सुके बांगडे परतले आणि ऐकलंच नाही असं केलं.

फेब्रुवारीत दोन स्टेंट बसल्यापासून जयराम कशावर ना कशावर रागावलेला असे. डॉक्टरवर रागावून झालं, माझ्या आळणी आमटीवर रागावून झालं. जुलै संपत आला, मासेमारीची बंदी उठायला आठ दिवस राहिले, तेव्हा पाळी बर्फाची आली.

त्याला बर्फ ठेवायचा एक कूलर हवा होता. धारगळला हमरस्त्यावर गोकुळदासचं दुकान आहे, किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना खुर्च्या, छत्र्या, पेट्या पुरवणारं. तिथे त्याने तो पाहिला. वाळूच्या रंगाचा, जाड भिंतींचा, झाकणाला रबरी खिट्ट्या. किंमत बत्तीस हजार. गोकुळदास म्हणे झाकणावर चढून दोन्ही पायांनी नाचला, तरी त्याला ओरखडा नाही.

"पाच दिवस बर्फ रवता," जयराम मला म्हणाला. "पाच!"

"आणि तुमची होडी सांजेक जाता नि फाटफटी येता," मी म्हटलं. "उरलेले चार दिवस बर्फ काय करतलो?"

"आता लांब जावचा म्हणतंय. दोन राती रवाचा. तुका काय कळता दर्यातला?"

मला दर्यातलं कळत नाही. पण डॉक्टर काय म्हणाला ते मी कानांनी ऐकलं होतं. वजन उचलायचं नाही, जाळं ओढायचं नाही, होडीत पाय ठेवायचा नाही. मी, आमची मुलगी सेजल आणि बाबली, तिघंही समोर उभे होतो. बाबली म्हणजे बावीस वर्षं जयरामबरोबर होडीत असलेला भागीदार. परत येताना म्हापशापासून हरमलपर्यंत बसमध्ये, आणि त्यानंतर आमच्या घरातही, ते वाक्य चौघांपैकी कोणी उच्चारलं नाही. लहान मूल झोपलेलं असावं तसं आम्ही त्याच्या बाजूने वावरत होतो.

कूलरचा विषय निघाला तो सगळ्यांच्या सोयीचाच झाला. बाबली रोज संध्याकाळी चहाला येई आणि कूलरवर बोलत बसे. होडीची मापं घेई. पुढे नाळीकडे बसेल की मधल्या फळीखाली, यावर दोघांचं तासभर भांडण चाले. खरं तर बाबलीने पार्से गावच्या अनिलशी जयरामच्या जागी होडीवर यायचं आधीच बोलून ठेवलं होतं. हे मला त्याच्या बायकोने वाण्याच्या पोसऱ्यावर साबण घेता घेता सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "मी काय सांगूक नाय हां, वयनी." मी मान हलवली. मग आम्ही दोघींनी साबणाच्या किमतीला नावं ठेवली.

शेवटी सेजलने तोडगा काढला. ती दुकानात जाऊन गोकुळदासशी बोलली आणि चार दिवसांच्या बोलीवर कूलर घरी घेऊन आली. पसंत पडला तर पैसे, नाही तर परत.

"बाबा, ह्यात अर्धी लादी, जुन्या थर्माकोलात अर्धी. दोनय ओसरीर ठेवया. खंयच्यात जास्ती रवता तां बघया. पण उघडूचा नाय! कोणीच नाय!"

कोणीच नाय म्हटल्यावर कोण नाही उघडणार? शेजारची चंद्रावती कोथिंबीर मागायला आली आणि "बघू गो, बत्तीस हजाराचो बर्फ कसो दिसता" म्हणत झाकण वर केलं. बाबलीने खिट्ट्या नीट बसतात का ते पाहायला दिवसातून चारदा उघडला. सेजल कामावर जाताना उघडी आणि आल्यावर उघडी, कोणी उघडला होता का ते पाहायला. जयरामचं तर विचारूच नका, दर तासाला हात आत घालून बर्फाला चापट मारून यायचा, म्हशीला मारतात तशी. मी एकदाच उघडला. बरं, दोनदा. आतला गारवा तोंडावर घेतला तर चुलीपासून उठल्यावर फार बरं वाटतं.

जुन्या थर्माकोलकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी सगळे जमले. दोन्ही झाकणं एकदम काढली. कूलरमध्ये नारळाएवढा गोळा पाण्यात तरंगत होता. थर्माकोलात तेवढाच गोळा, तसंच पाणी.

चंद्रावती तोंडावर पदर धरून हसायला लागली.

"कूलर वायट नाय," जयराम गरजला, "तुमचे हात वायट!"

"आणि तुझे रे?" बाबली म्हणाला.

"माझो कूलर, मी उघडतलंय!"

बऱ्याच दिवसांनी ओसरीवर हसू झालं. जयरामही हसला. वाटलं, आता सरळ परत जाईल हे प्रकरण. पण हसून झाल्यावर तो म्हणाला, "फाल्यां नवो बर्फ भरूया आणि होडीत नेऊन ठेवया. बसता काय नाय तां एकदा बघूक होया."

चौथ्या दिवशी सकाळी बर्फाची पूर्ण लादी फोडून भरली. मी झाकण लावलं. होडी ओसरीवरून दिसते, माडांखाली, चुडतांच्या म्हणजे झावळ्यांच्या मांडवात उभी. पन्नास पावलं असतील. पावसाने उघडीप दिली होती. जयरामने लुंगी वर खोचली.

"बाबली, तू थंयसून धर. मी हयसून."

तो वाकला. आणि वाकतो न वाकतो तोच त्याच्या बाजूच्या कडीवर माझे हात पडले. सेजलचेही पडले. बाबली आपली कडी सोडून धावत याच बाजूला आला. आम्ही कोणी एकमेकांना खूण केली नव्हती. एका कडीवर सहा हात, आणि जयरामच्या हातांना जागाच नाही.

सेजल कूलरकडे बघत होती. बाबली म्हणाला, "खिट्टी... खिट्टी जरा ढिली आसा, म्हणान..."

जयराम सावकाश सरळ झाला. आमच्या हातांकडे पाहिलं. माझ्या हातावर तव्याचा जुना डाग आहे, तो बघत होता की काय कोण जाणे. मग त्याने एकेकाचा हात कडीवरून काढला, जाळ्यात अडकलेली कुर्ली सोडवावी तसा, दुखणार नाही असा. लुंगी खाली सोडली. आणि कूलरच्या झाकणावर बसला.

"बसाक बरो आसा," तो म्हणाला.

"बाबा," सेजल म्हणाली, "चाय करू?"

"बाबली." जयराम होडीकडे बघत होता. "पार्सेचो अनिल दर्यात पोवता बरो. पण मोटर त्याका कळणा नाय. शिकय त्याका."

बाबलीने डोकं खाली घातलं. "तुका कोणी सांगला?"

"कोणी सांगूक होया?" सेजलकडे वळून तो म्हणाला, "हो कूलर गोकुळदासाक परत व्हरून दी. मी आता दर्यात येवचंय नाय."