पातेल्याचा तळ

चवळीची गोळ्या घ्यायची वेळ ठरलेली होती. सगळ्यांची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदमच तळहातावर घ्यायची, तोंडात टाकायची आणि उरलेला चहा गरम करून वर प्यायचा. तोही बसून. दिवसभरात तिला बूड टेकायला मिळायचं ते तेवढंच.

चवळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. इस्पितळाच्या धोबीखान्यात ती चादरींना इस्त्री करायची. तिथल्या बायकांनी तिचा शेंगेसारखा बांधा बघून ते नाव ठेवलं होतं. तेव्हा तिलाही ते कौतुकच वाटलं होतं. आता पाचवा महिना लागला तरी शेंग ती शेंगच राहिली होती, आणि त्या नावावर कुणी हसेनासं झालं होतं. गेल्या वर्षी असंच पाचव्या महिन्यात तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बायकोच्या बाबतीत आपण हात आखडता घेत नाही, असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. फळीवर ताकदीच्या पावडरचे डबे होते, लोहाच्या बाटल्या होत्या, कसलंसं हिरवं चूर्णही होतं. सासूबाई आल्यागेल्याला ती फळी दाखवायच्या. "आमच्या वेळी होतं का हो हे? काय लाड चाललेत बघा!"

फळी भरलेली होती. ताट मात्र रिकामं होतं. या घरात वाढणारी शेवटी जेवायची. आधी सासरे आणि नवरा, मग सासूबाई, मग सून. चवळीची पाळी येईपर्यंत रश्श्यातले तुकडे संपलेले असायचे, पालेभाजीचं पाणी उरलेलं असायचं. ती पातेलं वाकडं करून बघायची, खरवडून भातावर घ्यायची. कधी तेवढंही नसलं की म्हणायची, "जाऊ दे, गोळ्या घेतल्यात ना."

त्या दिवशी सकाळी कामावर तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. शेजारच्या बाईने पाठीमागून पदर धरून ओढलं म्हणून, नाहीतर इस्त्रीयंत्राच्या तापलेल्या रुळावर तोंडच पडायचं. दुपारी नवऱ्याला बोलावून घेतलं आणि दोघं डॉक्टरीणबाईंपुढे बसली.

रक्ताचा कागद बघून बाईंचा आवाज चढला. "मागच्या महिन्यापेक्षा कमी! गोळ्या घेता की फेकता?"

"घेते हो."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, चहा लोह अंगी लागू देत नाही. आणि कॅल्शियम?"

"तीही तेव्हाच. एकदाच उरकून टाकते."

"म्हणजे एक औषध दुसऱ्याच्या आड! दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या, आणि चहा त्यांच्यापासून लांब. चहा जेवण झाल्याझाल्या पिता का?"

चवळीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जेवणाच्या ऐवजी."

नवरा गडबडीने पुढे सरकला. "बाई, मी सगळं आणतो हो! पावडर आणतो, टॉनिक आणतो..." तो एकेक नाव घेत सुटला.

"पुरे," बाई म्हणाल्या. "काल रात्री हिने काय खाल्लं?"

कुठल्या इमारतीतल्या लिफ्टला कधी वंगण घातलं, हे नवऱ्याला तोंडपाठ असायचं. कालचं बायकोचं ताट त्याला आठवेना, कारण ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ती जेवायला बसायची तेव्हा तो हात धुऊन बाहेर गेलेला असायचा.

"असंच चाललं तर गेल्या वर्षीचंच होईल," बाई म्हणाल्या. "आणि या वेळी हीसुद्धा जाईल."

घरी येताना तो चवळीवरच उखडला. "तू मागायचंस ना! तोंड नाही का तुला?"

"मागितलं असतं तर?" तिने विचारलं. तो पुढे चालत राहिला.

संध्याकाळी माशाचा रस्सा झाला. सासूबाईंनी पातेलं आणून ठेवलं. चवळीने स्वतःचं ताट घेतलं, नवऱ्याच्या शेजारी मांडलं आणि बसली. सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या.

"आणि वाढायचं कोणी?" सासूबाई म्हणाल्या.

"पातेलं मध्ये ठेवू, आई. हात सगळ्यांना आहेत."

"आम्ही नाही का राहिलो शेवटी? चार बाळंतपणं झाली माझी!"

"त्यातला एकच राहिला ना, आई."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "तेव्हा गोळ्या नव्हत्या ना," त्या पुटपुटल्या.

"आता आहेत. तरी माझं रक्त कमीच झालंय."

नवरा खाली मान घालून भात कालवत होता. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? चवळीला त्याची भयंकर चीड आली. तिने माशाचा तुकडा आपल्या ताटात घेतला आणि खाल्ला. लिंबू पिळून, अगदी सावकाश.

सासऱ्यांनी रिकामं ताट पुढे केलं. "एक तुकडा आण."

सासूबाईंनी सवयीने पातेलं वाकडं करून पाहिलं. एकच उरला होता. त्या तो डावात घेणार, इतक्यात चवळीने पातेल्यावर हात ठेवला.

"तो आईंचा आहे, बाबा."

"मला भूक नाही," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या लग्न होऊन आल्यापासून म्हणत आल्या होत्या. मग त्या हळूच खाली बसल्या आणि काटे काढत तो तुकडा पार संपवला. एरवी बोलता बोलता जेवणारी ती बाई ताटातून मान वर करेना.

वाचकहो, तुमच्याही घरात औषधांची फळी असेल. ती राहू द्या. आज जेवून उठलात की लगेच बाहेर जाऊ नका. पातेलं वाकडं करून कोण बघतंय, तेवढं बघा.