बसस्टॉपवरचा जवाई

मोहाडीच्या युवा कला महोत्सवात रॅप प्रकारात माझी बहीण दामिनी पहिली आली. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आयोजकांनीही तसंच समजायचं ठरवलं आहे. शनिवारी संध्याकाळी त्यांनी तिच्या गळ्यात पदक घातलं आणि सोमवारी सकाळी फोन करून सांगितलं, की निकाल अजून लागलेला नाही, पदक मात्र जपून ठेवा.

अडचण एवढीच, की स्पर्धा तालुक्यातल्या रहिवाशांसाठी होती आणि दामिनीच्या अर्जाला रहिवासी दाखला जोडायचा राहिला होता. आठ दिवसांत दाखला दिला, की ती पहिली आलेली असेल आणि भंडाऱ्याला जिल्ह्याच्या फेरीत जाईल. नाही दिला, तर पहिलं कोणीच आलेलं नसेल, आणि दुसरा आलेला पोरगा जाईल. तो मध्येच शब्द विसरला होता आणि दीड मिनिट नुसता हात हलवत होता. परीक्षकांना ती नवी शैली वाटली.

जिल्ह्याच्या फेरीत जिंकणाऱ्याचं गाणं नागपूरचा एक स्टुडिओवाला रेकॉर्ड करून देणार होता. दामिनीची नऊ गाणी तयार आहेत. नऊही माझ्या मोबाइलमध्ये आहेत आणि नऊही गाण्यांत मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. शिट्टी नसलेलं एक तरी गाणं आपल्या नावावर असावं, एवढीच तिची इच्छा.

मी तिचा धाकटा भाऊ गोलू. तिचा मॅनेजरही मीच. दाखला म्हणजे दहा मिनिटांचं काम, म्हणून मी एकटाच ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक योगेंद्र साहेबांनी रजिस्टर उघडलं, आमच्या घराचं पान काढलं आणि सांगितलं, की हे नाव इथं नाही, मागच्या वर्षीच कमी केलं.

"काहून कमी केलं जी?"

"लग्न झालं ना तिचं. सासरी गेली."

मी विचारलं, कोणाशी? साहेब खुर्चीवरून उठले, मला ओट्यावर आणलं आणि बसस्टॉपकडे बोट दाखवलं.

तिथं बारा बाय आठचा फ्लेक्स आहे. तुमसरच्या सुलोचना साडी सेंटरचा. 'लग्न तुमचं, बस्ता आमचा.' त्यावर मरून शालूत, गळ्यात मंगळसूत्र घालून दामिनी उभी आहे. बाजूला फेटा बांधलेला एक माणूस आहे. नुकताच पोटभर जेवल्यासारखा हसतो.

आता गावाला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्याकडे कोणाचा वाढदिवस आहे, कोणाची निवड झाली, कोण वारलं, हे सगळं फ्लेक्सवरूनच कळतं. फ्लेक्सवर खोटंही असतं, असं अजून कोणी कोणाला सांगितलेलं नाही. दामिनी मॉडेलिंगमध्ये आली ती धानाच्या मळणीयंत्राच्या जाहिरातीतून. यंत्राला टेकून नुसतं हसायचं होतं. फ्लेक्स लागल्यावर महिनाभर लोक घरी येऊन यंत्र कधी मोकळं आहे म्हणून विचारत. आमच्याकडे साधी गिरणीही नाही. मग एका शिकवणी वर्गाच्या जाहिरातीत ती फौजदार झाली. तेव्हा दोन जणांनी आईला पेढे मागितले आणि एकानं दामिनीजवळ मोटारसायकल चोरीची तक्रार दिली. तिनं ती लिहून घेतली. काय करणार.

लग्नाच्या बाबतीत तर पुरावाही पक्का होता. फ्लेक्स लागला गेल्याच्या आदल्या दिवाळीत. दिवाळीनंतर आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. दामिनी झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीत काम करते, त्यामुळे ती बॅग भरून वडशाला, कंपनीच्या मुक्कामी गेली, ती थेट होळीला साडी नेसून, हातात मिठाईचा पुडा घेऊन परत आली. कोणतीही लेक माहेरी अशीच येते. मधल्या काळात योगेंद्र साहेब यादी तपासायला घरोघर फिरले. आई शेतावर होती. शेजारच्या जनाबाईंनी सांगितलं, पोरगी गेली सासरी. साहेबांनी जाताना बसस्टॉपवर खात्री करून घेतली आणि नाव कापलं. सरकारी कामात इतकी चौकशी सहसा कोणी करत नाही.

मी घरी येऊन दामिनीला सांगितलं, की तुझं लग्न झालं आहे. ती तेव्हा भाकरी थापत होती. तिनं विचारलं, कोणत्या नाटकात?

तिचा गोंधळ समजण्यासारखा होता. हंगामात तिचं सरासरी दर आठवड्याला एकदा लग्न होतं आणि तिसऱ्या अंकात ती मरते. रॅपही तिला असंच अपघातानं लागलं. बपेऱ्याच्या प्रयोगात खलनायक मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, जेवणानंतर जागचा उठलाच नाही आणि तिला स्टेजवर एकटीनं अकरा मिनिटं काढावी लागली. आधी ती रडली. रडणं संपल्यावर न आलेल्या खलनायकाला तिनं यमकात शिव्या द्यायला सुरुवात केली, ढोलकीवाल्यानं ठेका धरला, आणि लोकांनी वन्समोर दिला. खलनायक आला तेव्हा लोकांनी त्यालाच खाली बसवलं. तेव्हापासून ती धानावर, रोवण्यावर, बसच्या वेळापत्रकावर, कशावरही म्हणते. मोहाडीला तिनं जे म्हटलं ते असं सुरू होतं:

*रोवना माह्या हातचा, चिखल माह्या पायचा,*
*सातबारा बाप्याचा, मंग तुकडा हा कोनाचा?*

आई, म्हणजे सत्यभामाबाई, आधी फार चिडली. लेकीचं लग्न झालं आणि मले पत्ता नाई, म्हणाली. मी समजावलं, की झालेलंच नाही. ती म्हणाली, नाही झालं तर गाव बोलेल कशाला. दुसऱ्या दिवशी ती बाजारात जाताना बसस्टॉपवर जरा जास्त वेळ थांबली. परत आली तेव्हा शांत होती.

"जवाई बरा दिसते," ती म्हणाली. "दारू पेत नाई, कोनाच्या अध्यात ना मध्यात. उन्हातान्हात उभा रायते बिचारा."

दामिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, की स्थळ वाईट नाही.

नवऱ्यालाच शोधून त्याच्याकडून लिहून घ्यावं, की आपलं लग्न झालेलं नाही, असं ठरलं. आम्ही दोघं तुमसरला गेलो. सुलोचनाबाईंनी आधी आमचं अभिनंदन केलं, मग ओळखलं, मग मागच्या गल्लीत फ्लेक्स बनवणाऱ्या मनिषकडे पाठवलं. मनिषनं कॉम्प्युटर उघडून नवरा दाखवला. तो तीन ठिकाणांहून आला होता. चेहरा एका शॅम्पूवाल्याचा, फेटा कोणा मिरवणुकीतल्या माणसाचा आणि हात मनिषच्या मावसभावाचे, कारण शॅम्पूवाल्याचे हात डोक्यावर होते.

"मंग माहा लगन कोनाशी झालं?" दामिनीनं विचारलं.

मनिषनं बराच विचार केला. म्हणाला, हात धरला म्हणाल तर मावसभावानं. पण त्याचं लग्न झालेलं आहे.

सुलोचनाबाई मात्र चांगल्या मनाच्या. त्यांनी दुकानाच्या लेटरहेडवर लिहून दिलं, की कु. दामिनी हिचं लग्न केवळ जाहिरातीसाठी दाखवलं आहे. शिक्का मारला, सही केली. मग हात शिवशिवला म्हणून खाली स्वतःहून एक ओळ वाढवली: 'या शुभविवाहाची संपूर्ण खरेदी आमच्याच दुकानातून झाली.'

ते पत्र योगेंद्र साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, खरेदी झाली म्हणजे लग्न झालं. वाद असेल तर तंटामुक्ती समितीकडे जा.

तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष भय्याजी. गावात दोन म्हशी एकमेकींकडे रागानं पाहू लागल्या, तरी ते बैठक बोलावतात. त्यांनी रविवारी सकाळी अकराला बैठक लावली. सोमवार मुदतीचा शेवटचा दिवस होता. भय्याजींची एकच अट होती, दोन्ही पक्ष हजर पाहिजेत. म्हणून मी आणि गावातले चार जण बसस्टॉपवर चढून फ्लेक्स उतरवून आणला. फ्लेक्स ग्रामपंचायतीच्या दारातून मावेना, म्हणून नवऱ्याकडची बाजू उघडी ठेवली आणि दामिनीकडची दुमडली. गावाचं म्हणणं पडलं, की संसारात एवढं चालतंच.

भय्याजींनी फ्लेक्सला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? पाच मिनिटं वाट पाहिली. मग कार्यवृत्तात लिहिलं: 'समोरचा पक्ष हजर. विचारले असता गप्प राहिला. आरोप नाकारले नाहीत. वागणूक सभ्य.'

मग ते दामिनीकडे वळले. "पोरी, पाहून तं राहिलो मी. मानूस शांत आहे. थोडं सांभाळून घ्या लागते."

"भय्याजी, मी स्टेजवर सत्रा लगनं केली," दामिनी म्हणाली. "दिघोरीत तं एकाच हप्त्यात दोन. तवा काहून कोनी माहं नाव नाई कापलं?"

"ते नाटक होतं."

"मंग हे का आहे?"

"हे फ्लेक्स आहे," भय्याजी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तेवढ्यात योगेंद्र साहेब उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. ते म्हणाले, नवरा दीड वर्षापासून बसस्टॉपवर आहे, साऱ्या गावानं पाहिलं आहे, म्हणजे तो इथलाच रहिवासी. बायको नवऱ्याच्या गावची, म्हणजे तीही इथलीच रहिवासी. दाखला आत्ता देतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तंटा मिटला. साहेबांनी कोरा दाखला घेतला, 'सौ. दामिनी' लिहिलं, आणि नवऱ्याच्या नावापाशी पेन थांबलं. सगळे फ्लेक्सकडे पाहू लागले. मग आईनं, पदर सारखा करत, हळूच सांगितलं, की ती त्याला मनातल्या मनात मोनू म्हणते. साहेबांनी 'मोनू' लिहिलं. शिक्क्याची डबी उघडली.

दामिनीनं कागद हातात घेऊन वाचला. मी खुणा करत होतो, घेऊन टाक. उद्या सकाळी मोहाडीला द्यायचा, भंडाऱ्याला जायचं, गाणं रेकॉर्ड करायचं, मोनूचं काय ते नंतर पाहू. मॅनेजर म्हणून हा माझा आयुष्यातला एकमेव शहाणा सल्ला होता.

"साहेब, भंडाऱ्याले माइकवर हेच नाव घेतील?" तिनं विचारलं.

"दाखल्यावर असेल तेच घेतील."

"आन् गान्यावर?"

"तेच."

स्टेजवर अकरा मिनिटं एकटीनं काढणारी मुलगी, पण तिथं तिला यमक सुचलं नाही. तिनं कागद टेबलावर ठेवला.

"गानं मी लिवलं. मोनूनं नाई. माह्या नावानं द्या, नाई तं ठेवा तुमच्याजवळ."

आई म्हणाली, जवायासमोर असं बोलू नये. भय्याजी म्हणाले, भावना समजली, पण जे काय असेल ते लेखी द्या. आमच्याकडे कोणालाही नाही म्हणायचं नसलं, की लेखी द्या म्हणतात. दामिनीनं मला पेन दिलं, ती सांगत गेली आणि मी तिथंच फ्लेक्सच्या कोऱ्या बाजूवर कागद ठेवून लिहिलं:

प्रति,
मा. सरपंच / ग्रामसेवक साहेब, ग्रामपंचायत कार्यालय.

विषय: नवऱ्यास बायकोचे नाव लावून बायकोस कुमारी असल्याचा रहिवासी दाखला मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, बसस्टॉपवरील सदर इसमाशी माझा विवाह झाला असल्याचे आपल्या कार्यालयाचे म्हणणे आहे. सदर इसमास स्वतःचे नाव, वडील व हात नाहीत. मला तिन्ही होते, पैकी वडील वारले. तरी विवाहानंतर सदर इसमानेच माझे आडनाव लावावे, माझ्या आईच्या रेशनकार्डात तो घरजावई म्हणून चढवण्यात यावा, त्याच्या तिन्ही मूळ मालकांची संमती कार्यालयाने परस्पर मागवून घ्यावी, आणि मी कु. दामिनी याच नावाने या गावची रहिवासी असल्याचा दाखला मला उद्या सोमवारी सकाळी दहापूर्वी, सदर इसमाच्या सहीनिशी मिळावा, ही नम्र विनंती.